बारशाला वाकळ शिवताय? आधी कापड बघा
आमच्या साताऱ्याकडं गोधडीला वाकळ म्हणतात, आणि बारशाला द्यायची असेल तर नवं कापड घेऊच नका, आज्जीचं धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं घ्या, तसला मऊपणा दुकानात मिळत नाही. जरीचं काम, टिकल्या नकोत, बाळाला टोचतात. लाल-जांभळ्या ठिगळावर ओला पांढरा रुमाल घासून बघा, रंग लागला तर ते ठिगळ बाजूलाच ठेवा. नवं कॉटन घेतलंच तर आधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं आणि सगळी वाकळ चुरगाळते. थंडीला चार-पाच पदर, उन्हाळ्याला दोनच. डिझाईन साधे चौकोन, आधी कच्चा टाका घाला म्हणजे पदर सरकत नाहीत. लग्नात द्यायच्या वाकळेला काठाला खणाची पट्टी लावा, लई उठून दिसते.