खेळ थांबू नये म्हणून

यवतमाळकडच्या आमच्या गावात कापूस वेचणीच्या दिवसांत मंडळी रात्रीच डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळायला जमते; यात एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होऊन खेळतात. लाइन गेली की लॅपटॉपमधली तयारी बाद. म्हणून आता गोष्टीतल्या चकमकी आधीच पुठ्ठ्याच्या कार्डांवर लिहून ठेवतो. जागा मात्र लिहीत नाही. पोरं जंगल सोडून नदीकडं वळली तरी तेच गॉब्लिन, म्हणजे खेळातले बुटके राक्षस, तिथं भेटतात. २०१४ च्या नियमांत एका गॉब्लिनचे ५० अनुभव-गुण; लढत किती अवघड तेही यावरूनच मोजतात. तिघांचे १५०, संख्येमुळं दुप्पट धरून ३००. पहिल्या पातळीच्या, म्हणजे नवख्या, चार पात्रांना ही लढत कठीण, दोनच गॉब्लिन पुरतात. पण खरी मोलाची ओळ वेगळीच: गॉब्लिनना हवंय काय, आणि ते पळतील कधी? ‘धान्य चोरायला आलेत, एक पडला की पळतील’ एवढं लिहिलं की पोरं तलवार बाजूला ठेवून बोलणीही करतात. वापरलेलं कार्ड फेकत नाही, नावं बदलून पुन्हा चालतं.