ग्रिडवर काम पाठवण्यापूर्वी: प्रमाणपत्र आणि प्रॉक्सी

पुण्यातल्या प्रयोगशाळेत बसून दूरच्या शहरांतील संगणकांवर गणनेचे काम पाठवायचे, तर प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड सांभाळणे व्यवहार्य नाही. म्हणून ग्रिडमध्ये, म्हणजे अशा दूरदूरच्या संगणकांच्या जोडलेल्या जाळ्यात, एक्स.५०९ या प्रमाणित नमुन्याचे एकच डिजिटल प्रमाणपत्र सर्वत्र ओळख पटवते. भारतात यासाठी सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने इंडियन ग्रिड सर्टिफिकेशन अथॉरिटी ही प्रमाणपत्रे देणारी संस्था उभारली.

आरंभी डिजिटल किल्ल्यांची जोडी (एक गुप्त ठेवायची खासगी, दुसरी इतरांना द्यायची सार्वजनिक) स्वतःच्याच संगणकावर तयार करावी. खासगी किल्ली कोणालाही, अगदी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेलासुद्धा, पाठवायची नसते; विनंतीच्या फाइलमध्ये केवळ सार्वजनिक किल्ली व आपले नाव जाते. त्यानंतर नोंदणी अधिकारी ओळखपत्र पाहून खातरजमा करतो. प्रमाणपत्र हाती आल्यावर खासगी किल्लीच्या फाइलची परवानगी ४०० ठेवावी, म्हणजे ती फक्त मालकालाच वाचता येते. परवानगी सैल असल्यास ग्लोबस हे ग्रिडचे सॉफ्टवेअर ती किल्ली वापरण्यास साफ नकार देते, आणि हा हट्ट मला रास्तच वाटतो.

रोजच्या कामासाठी मूळ किल्ली न वापरता ‘ग्रिड-प्रॉक्सी-इनिट’ ही आज्ञा देऊन अल्पायुषी प्रॉक्सी, म्हणजे मूळ प्रमाणपत्राच्या वतीने चालणारे तात्पुरते प्रमाणपत्र, काढतात. तिची मुदत सहसा १२ तासांची असते, त्यामुळे रात्रभर चालणाऱ्या कामासाठी ती आधीच वाढवून घ्यावी. ‘प्रमाणपत्र अद्याप वैध नाही’ असा संदेश आला, तर आधी घड्याळ तपासावे: प्रमाणपत्रातील वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असते, आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास असते आणि संगणकावर टाइमझोन चुकीचा असल्यास नेमका तेवढाच फरक पडतो.