थांबलेली दोरी पळू लागली तेव्हा

मोटरला बांधलेली पांढरी दोरी सेकंदाला ५० फेऱ्या घेते आणि तितक्याच वेळा एलईडी लुकलुकतो. डोळ्यांना दोरी हवेत गोठलेली दिसते, दोरीच्या टोकाला चिकटवलेल्या पिएझो (कंपनं पकडणाऱ्या) मायक्रोफोनमधून मात्र घुमणारा आवाज चालूच. डोळा एक सांगतो, कान दुसरंच. कलाकृतीची सगळी गंमत एवढ्यातच होती.

पण दहा मिनिटांत दोरी हळूहळू सरकायला लागायची. मी फ्लॅशची गती जुळवत बसायचो, पाच मिनिटांनी पुन्हा तेच! आधी फ्लॅशच्या टायमरला शिव्या घातल्या. दोष मोटरचा होता. ती तापली की वेग किंचित बदलायचा, आणि सेकंदाला ५० ऐवजी ४९.८ फेऱ्या झाल्या तरी डोळ्याला फरक कळतो.

मग वेग जुळवायचा नादच सोडला. मोटरच्या दांड्यावर छोटं चुंबक चिकटवलं, समोर हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक जवळ आलं की कळवणारा सेन्सर, लावला. आता प्रत्येक फेरीला दोरीच फ्लॅश पेटवते. मोटर कितीही डुलली तरी चित्र जागेवर.

तरी कडा धूसरच. फ्लॅश १ मिलीसेकंदाचा होता, तेवढ्यात दोरी १८ अंश फिरते. तो ०.२ वर आणल्यावर रेघ कातरल्यासारखी आली. उजेड अर्थात घटला, म्हणून एलईडी वाढवले.

आता मुद्दाम फ्लॅशचा उशीर दर फेरीला ०.४ मिलीसेकंदाने वाढवत नेतो. दोरी सेकंदाला साधारण एकच वळसा घेताना दिसते. आवाज तोच. लोक बोट पुढे करतात, म्हणून जाळी लावावी लागली.