बैलाला आवतन देताना

श्रावणी अमावास्या म्हणजे आमच्या यवतमाळकडचा पोळा. यंदा भाच्याने पहिल्यांदा स्वतःची जोडी घेतली आणि फोन केला, "मामा, खांदशेकणी नेमकी करायची कशी?" त्याला सांगितलं तेच इथे लिहितो.

आदल्या दिवशी बैल जुंपू नका. नाल्यावर नेऊन घासून धुवा, अंग वाळू द्या. संध्याकाळी हाताला सोसेल इतपत गरम पाण्यात हळद टाका. त्यात पळसाची पानं बुडवून वशिंडाच्या पुढे, जू टेकतं त्या जागी हळूहळू शेका. मग तूप-हळद चोळा. बोटं चांगली दाबून फिरवा. तीन वर्षांपूर्वी माझ्या चांद्याच्या खांद्यातली गाठ मला अशीच लागली. वरून काही दिसत नव्हतं. चूक माझीच: एक बैल उंच, एक ठेंगणा, म्हणून जू एका बाजूला दाबत होतं, आणि मी 'कामचुकार झाला' म्हणून त्यालाच हाणत होतो. डॉक्टर म्हणाले, खांदेसूज. महिनाभर तो मोकळा राहिला. तुम्हालाही सूज किंवा जखम लागली तर शेकत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

शेकून झालं की बैलाच्या कानाशी जाऊन म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." 'ये' नाही, 'या'. वर्षभर 'हट बे' करणारे आमचे बाबा त्या संध्याकाळी बैलाशी अहोजाहोनं बोलत. पहिल्यांदा लाज वाटते. वाटू द्या.

आवतन दिलं की पाहुण्याचं पोट सांभाळणं आलं. पुरणपोळी एखादीच द्या. गहू, डाळ, गूळ एकदम ढीगभर गेले की रवंथाचं पोट आंबतं, बैल फुगतो, चाऱ्याला तोंड लावत नाही. बाकी पोटभर हिरवा चारा. शिंगं साळू नका, वरचं कवच पातळ होतं. ऑइलपेंटही नको, गेरू लावा. पावसात उतरतो, तर उतरू दे. झूल, बेगड, घुंगरमाळा ऐपतीप्रमाणे. वेसण मात्र नवी आणि मऊ.

पोळ्याच्या दिवशी आसूड घरातच. गावातल्या जोड्या जमतात त्या तोरणाखाली डीजे असेल तर जोडी शेवटच्या टोकाला उभी करा, बैल बुजतो. घरी आल्यावर आधी बैलांचे पाय धुवायचे, ओवाळायचं, घास भरवायचा. माणसांची पानं नंतर.

आणि दावणीला बैलच नसेल तर? आमच्या शेजारच्या काकांनी जोडी विकून ट्रॅक्टर घेतला. पोळ्याला हार ट्रॅक्टरला घालतात, पण आदल्या संध्याकाळी आवतन मातीच्या जोडीला देतात.