हेलिओस ४४-२: विकत घेण्याआधी आणि खोलण्याआधीची तयारी

जुन्या लेन्सवर हात बसवायचा असेल तर सोव्हिएत हेलिओस ४४-२ घ्यावी. ५८ मिमी, एफ/२, कार्ल झाइस येनाच्या बायोटार लेन्सवर बेतलेली, चार गटांत सहा काचा. आत इलेक्ट्रॉनिक काहीच नाही, त्यामुळे जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं. तरीही यातल्या बऱ्याच लेन्स बुरशीने जात नाहीत, तर घाईने खोलणाऱ्याच्या हातून जातात. म्हणून पहिला स्क्रू सैल करण्याआधी खालची सगळी जमवाजमव झालेली असू द्या.

आधी आपला कॅमेरा पाहा. या लेन्सला एम४२ (४२ मिमी व्यासाचे) आटे आहेत आणि तिचं फ्लँज अंतर, म्हणजे लेन्स जिथे टेकते तिथपासून सेन्सरपर्यंतचं अंतर, ४५.४६ मिमी आहे. कॅननच्या ईएफ माउंटचं (लेन्स जोडायच्या जागेचं) अंतर ४४ मिमी, म्हणजे पातळ ॲडॉप्टर लावून अनंतापर्यंत, म्हणजे अगदी दूरवर, फोकस मिळतो. सोनी ई किंवा फुजी एक्सवर तर जागाच जागा आहे. निकॉन एफचं अंतर ४६.५ मिमी असल्याने भिंगवाल्या ॲडॉप्टरशिवाय दूरचं काही स्पष्ट येत नाही, आणि ते स्वस्त भिंग लेन्सची सगळी मजा घालवतं. निकॉनच्या डीएसएलआरसाठी ही लेन्स घेऊ नका.

विकणाऱ्याकडे जाताना मोबाइलचा टॉर्च पुरतो. छिद्र (ॲपर्चर) पूर्ण उघडा, मागून तिरका प्रकाश टाका आणि पुढून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. सगळीकडे दुधाळ पापुद्रा असेल तर ग्रीसमधलं तेल उडून काचेवर बसलंय, आणि ते सहज निघतं. कडेला इंद्रधनुषी चकाकी दिसली तर चिकटवलेल्या जोडकाचा सुटू लागल्यात. ती लेन्स सोडून द्या, ते घरी होणारं काम नाही. धुळीच्या चार कणांवरून भाव पाडता येईल, पण फोटोत ते उमटत नाहीत. मागच्या काचेवरचा ओरखडा मात्र पुढच्यापेक्षा जास्त त्रास देतो. ऑनलाइन घेताना हाच टॉर्चचा फोटो मागा; द्यायला टाळाटाळ झाली तर पुढे जा. आणखी एक पाहायचं: गरगरीत पार्श्वभूमी मिळावी म्हणून काहींनी पुढची काच उलटी बसवलेली असते. फोटोच्या मधोमध धार येऊन कडा मात्र खूपच विस्कटलेल्या दिसत असतील तर हा संशय घ्या.

आता हत्यारं. समायोज्य लेन्स स्पॅनर (रिंगेच्या खाचांत टोकं अडकवून ती फिरवायला), चांगल्या पोलादाचे १.२ आणि १.५ मिमीचे सपाट स्क्रूड्रायव्हर, पुढची, नाव कोरलेली रिंग फिरवायला रबरी बूच, ब्लोअर, चिमटा, नायट्राइल हातमोजे. द्रव तीनच: ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, लायटरचं नॅफ्था आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. केमिस्टकडे पेरॉक्साइड बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं; त्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घातलं की ३ टक्के होतं. ॲसिटोन काचेच्या आसपास आणूच नका, कडेचा काळा रंग विरघळतो आणि मग फोटोत धूसर चमक येते.

टेबलावर पांढरा टॉवेल अंथरा, म्हणजे उडालेला स्क्रू सापडतो. प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या. काढलेली काच ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने, पुढची बाजू वर ठेवून मांडा. उलटी बसली तर चूक शोधण्यात दिवस जातो. बुरशीवर पेरॉक्साइडने ओला केलेला कापूस दोन-तीन मिनिटं ठेवा, मग डिस्टिल्ड वॉटर, मग अल्कोहोल, आणि मधून कडेकडे गोल पुसत या. जोडकाच कधीच द्रवात बुडवू नका, जुना डिंक मऊ होतो. बुरशीने कोटिंग खाल्लं असेल तर डाग राहणारच. घासून तो जात नाही, उलट आजूबाजूचं कोटिंग जातं.

छिद्राच्या आठ पात्या तेलकट असतील तर नॅफ्थाने धुऊन पूर्ण कोरड्या करा आणि त्यांना पुन्हा तेल लावू नका.

सगळ्यात जपून करायचं काम फोकसच्या आट्यांचं. त्यांना अनेक सुरुवाती असतात, म्हणजे एक नळी दुसरीत अनेक ठिकाणांहून बसू शकते. चुकीच्या सुरुवातीवर बसवले तरी ते सुरळीत फिरतात, फक्त अनंत जागेवर येत नाही. म्हणून सुटे करताना हळूहळू फिरवा, आणि नेमके ज्या क्षणी सुटतात तिथे दोन्ही नळ्यांवर सुईने समोरासमोर खूण करा. जुनं वाळलेलं ग्रीस नॅफ्था आणि टूथब्रशने काढा. नवं लावताना हेलिकॉइडचं (याच फोकसच्या आट्यांचं) दाट डॅम्पिंग ग्रीस घ्या, तेही आट्यांत पातळ थर बसेल एवढंच. व्हॅसलिन नको: मे महिन्यात बंद गाडीत ते पातळ होऊन पात्यांवर उतरतं आणि सगळी मेहनत परत करावी लागते.

जोडून झाल्यावर ट्रायपॉड आणि लाइव्ह व्ह्यू लावून अर्धा किलोमीटर तरी लांबच्या टॉवरवर फोकस करा. रिंगेवरचं अनंताचं चिन्ह जुळत नसेल तर फोकस रिंगचे तीन बारीक स्क्रू सैल करून रिंग अनंताच्या खुणेवर आणा आणि तिन्ही थोडे-थोडे, आळीपाळीने आवळा.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर ठेवायची सोय लेन्स घरी येण्याआधीच करा. चामड्याची पिशवी ओल धरते, ती फेकून द्या. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक पुरे. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये सुमारे ११० अंशांवर निळं होईपर्यंत तापवा आणि थंड झाल्यावरच परत डब्यात घाला.