जाळं काढायला बसण्याआधी: मुलाखतींच्या नेटवर्क आकृतीची तयारी

ऊसतोड कामगारांच्या वीस-पंचवीस मुलाखती हाताशी आहेत आणि त्यातून नेटवर्क आकृती, म्हणजे मुद्दे चौकोनात आणि त्यांची नाती रेघांनी दाखवणारं जाळं, काढायची आहे, तर चौकोन-बाण लगेच काढायला घेऊ नका. आधी मजकूर तपासा. सगळा युनिकोडमध्ये हवा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मुलाखत अ‍ॅटलास-टीआय या मुलाखतींच्या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली की नुसती चिन्हं दिसतात, एक शब्दही शोधता येत नाही. बोली जशीच्या तशी राहू द्या. बाई 'खाडा' म्हणाली असेल तर तिथं 'अनुपस्थिती' लिहू नका. खाड्यात दंड आहे, मजूर नेणाऱ्या मुकादमाचा धाक आहे; अनुपस्थितीत यातलं काहीच उरत नाही.

नावं, गावं, कारखाने याच टप्प्यावर बदलून घ्या. एका बाईची माहिती मुलाखतीत पानोपानी विखुरलेली असते. आकृतीत ती एका जागी येते आणि तिच्या वस्तीतला कुणीही तिला ओळखू शकतो.

मग कोड, म्हणजे मुलाखतीतल्या उताऱ्यांना द्यायची मुद्द्यांची नावं. 'उचल' (मुकादमाकडून आधीच घेतलेली रक्कम), 'टोळी' (तोडणीला एकत्र जाणारा गट), 'कोपी' (तोडणीच्या जागी राहायची झोपडी) असे लोकांचेच शब्द ठेवा आणि प्रत्येकाखाली दोन ओळींची व्याख्या लिहा. 'कोयता' म्हणजे हत्यार आणि 'कोयता' म्हणजे तोडणीला जाणारी नवरा-बायकोची जोडी. हे दोन कोड वेगळे करा, नाहीतर पुढची निम्मी आकृती चुकेल.

सगळ्यात जास्त वेळ रेघांना द्या. रेघ म्हणजे तुम्ही केलेलं विधान असतं. 'उचल'पासून 'गर्भाशय काढणं'पर्यंत थेट बाण ओढलात, की एक दुसऱ्याचं कारण आहे असं तुम्ही म्हणालात. तसं कोण म्हणालं? मुलाखती पुन्हा वाचल्या तर वाट लांबची निघू शकते: उचल फेडायची म्हणून खाडा परवडत नाही, म्हणून मासिक पाळीतही तोडणी, म्हणून अंगावर काढलेलं दुखणं, मग खासगी दवाखान्यात मिळालेला सल्ला. यातल्या प्रत्येक बाणामागे किमान एक उतारा दाखवता आला पाहिजे. बीड जिल्ह्यातल्या या शस्त्रक्रियांच्या बातम्या 2019 मध्ये गाजल्या, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली. त्यामुळे तो थेट बाण आपल्या डोक्यात आधीच तयार असतो, म्हणूनच इथं जपा. उलट सांगणारी एखादी बाई असेल तर तिचा उतारा 'विरोध' या नात्यानं जोडा, वगळू नका.

कारण, भाग, प्रकार, विरोध अशी नात्यांची नावं आधीच ठरवा. सॉफ्टवेअरमध्ये 'संबंधित' हेही एक नातं तयार असतं. पहिल्या दिवशी ते चालेल, पण आठवडाभरानंतरही रेघेवर तेच असेल तर ती रेघ पुसा.

कोडशेजारी दोन आकडे दिसू शकतात, उताऱ्यांचा आणि जोडण्यांचा. उताऱ्यांचा आकडा मोठा म्हणून मुद्दा मोठा, असं धरू नका. एकच बोलकी बाई तो फुगवू शकते.

एका आकृतीला एकच प्रश्न, पंधराच्या आसपास कोड, प्रत्येक आवृत्तीवर तारीख. पहिला मसुदा चार्टपेपरवर चिठ्ठ्या चिकटवून करा, कारण तिथं चिठ्ठी हलवायला मन कचरत नाही.

शेवटी वेळापत्रक. हा मसुदा, कुणा एकीची माहिती उघडी न करता, वस्तीवरच्या बायकांना तोंडी समजावून सांगायचा आहे. कुठला बाण उलटा आहे ते त्यांना विचारा. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या बाहेर पडतात, म्हणून भेटीची तारीख त्याआधीची धरा.