सेल्युलर ट्रेल कॅमेरा गप्प झाला तर: तक्रार करण्याआधी आणि केल्यानंतर

सेल्युलर ट्रेल कॅमेरा रानात झाडावर बांधलेला असतो, समोर प्राणी हलला की फोटो काढतो आणि मोबाईल नेटवर्कवरून फोनवर पाठवतो. तीन दिवस त्याच्याकडून एकही फोटो आला नाही की शिकारी पहिला निष्कर्ष काढतो, कॅमेरा गेला. बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. प्राण्यापासून तुमच्या फोनपर्यंत चार टप्पे आहेत: सेन्सरला हालचाल जाणवते, फोटो कार्डावर उतरतो, मोडेम तो टॉवरला देतो आणि कंपनीच्या सर्व्हरवरून तो ॲपमध्ये येतो. यातला कुठलाही टप्पा तुटला तरी तुम्हाला दिसतं एकच, फोनवर शुकशुकाट. कुठला टप्पा तुटला हे नेमकं सांगता आलं तर कस्टमर केअरमधलं बोलणं लगेच मुद्द्यावर येतं. नाही सांगता आलं तर सुरुवात ‘सेल बदलून बघा’पासून होते आणि सगळा आठवडा त्यातच जातो.

आधी घरी, मग झाडावर

नवा कॅमेरा थेट रानात नेऊ नका. अँटेना आधी बसवा, मगच कॅमेरा चालू करा. कार्ड घालून ते कॅमेऱ्याच्याच मेनूतून फॉरमॅट करा. ॲपमध्ये नोंदणी करा आणि फोटो लगेच पाठवण्याचं सेटिंग ठेवून अंगणात किंवा गच्चीवर दोन दिवस चालू द्या. समोरून पाच, दहा, पंधरा मीटरवरून दिवसा आणि रात्रीही चाला. दोन दिवसांनी कार्डावरचे फोटो मोजा आणि ॲपमधल्या आकड्याशी ताडून पाहा. कार्डावर 60 आणि ॲपमध्ये 41 असतील, तर उरलेले 19 कुठे गेले हे घरीच शोधा. माल परत घेण्याची दुकानाची मुदत सहसा थोड्याच आठवड्यांची असते. हंगामाच्या तीन महिने आधी घेऊन खोक्यातच ठेवलेला कॅमेरा खराब निघाला, तर ती मुदत हातातून गेलेली असते.

आणखी एक गोष्ट लावण्याआधीच बघावी, ती म्हणजे नियम. अमेरिकेतल्या ॲरिझोनात 1 जानेवारी 2022 पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरा वापरण्यावरच बंदी आहे. फोटो लगेच पाठवणाऱ्या कॅमेऱ्यांवर इतरही काही राज्यांत हंगामापुरती किंवा सरकारी जमिनीपुरती बंधनं आहेत. परवाना घेतानाच ही चौकशी करा.

सेल: पुष्कळ तक्रारींचं मूळ

बहुतेक कॅमेऱ्यांत आठ किंवा जास्त एए सेल लागतात. आठ सेल एकापुढे एक जोडले की 12 व्होल्ट मिळतात. कॅमेरा नुसता वाट बघत असतो तेव्हा वीज अगदी नगण्य जाते. मात्र मोडेम टॉवर शोधायला लागला किंवा रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की प्रवाह एकदम वाढतो आणि अर्धे वापरलेले अल्कलाईन सेल त्या झटक्याला बसतात. व्होल्टेज खाली जातं आणि कॅमेरा बंद होऊन पुन्हा सुरू होतो. सुरू झाला की पुन्हा टॉवर शोधतो, म्हणजे सगळ्यात जास्त वीज खाणारं काम पुन्हा पहिल्यापासून करतो. असा तो रात्रभर धडपडतो आणि सकाळपर्यंत सेल पार संपतात. ‘दिवसाचे फोटो येतात, रात्रीचे येत नाहीत’ किंवा ‘रात्रीचे फोटो काळेकुट्ट येतात’ ही तक्रार असेल तर आधी सेलकडेच बघा.

थंडीत अल्कलाईन सेलचा अंतर्गत रोध वाढतो, म्हणून घरात ठीक चालणारा कॅमेरा गारठ्यात पहाटे मान टाकतो. एकदाच वापरायचे लिथियम एए सेल उणे 40 अंशांपर्यंत चालतात आणि शेवटपर्यंत व्होल्टेज जवळजवळ सारखं ठेवतात. महाग असले तरी सेल्युलर कॅमेऱ्यात तेच घालावेत. त्यांची एक खोड मात्र लक्षात ठेवा: कॅमेऱ्यातला बॅटरीचा मीटर बराच काळ भरलेला दिसतो आणि मग एकदम शून्यावर येतो. टक्केवारीवर भिस्त न ठेवता सेल घातल्याची तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला लिहा.

रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल 1.2 व्होल्टचे असतात, म्हणजे आठांचे मिळून 9.6 व्होल्ट. काही कॅमेरे हे सेल पूर्ण चार्ज असतानाही ‘बॅटरी कमी’ म्हणून पाठवणं थांबवतात. मेनूत सेलचा प्रकार निवडायची सोय असेल तर तो बरोबर निवडा, नसेल तर हे सेल घालूच नका. जुने-नवे सेल कधीही एकत्र घालू नका. आठांतला एक संपलेला असला की बाकीचे सात त्याच्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलतात आणि तो गळतो. स्प्रिंगवर पांढरी भुकटी किंवा हिरवट थर दिसला तर हातमोजे घाला, व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा आणि पूर्ण वाळल्याशिवाय नवे सेल बसवू नका. मल्टिमीटर असेल तर प्रत्येक सेल वेगळा मोजा. 1.3 व्होल्टच्या खाली गेलेला अल्कलाईन सेल या कॅमेऱ्याच्या कामाचा राहिलेला नसतो.

सोलर पॅनेल असेल तर त्याच्यावर दुपारी कुठल्या फांदीची सावली पडते का बघा. एका कोपऱ्यावरच्या सावलीनेही त्याची वीज बरीच घटते. कडाक्याच्या थंडीत ऊन असूनही चार्ज वाढत नसेल तर तो बिघाड नसतो. आतली लिथियम-आयन बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये म्हणून संरक्षक सर्किट चार्जिंग थांबवतं. पॅनेलची वायर कॅमेऱ्यात शिरण्याआधी खाली एक झोळ सोडा, म्हणजे पावसाचं पाणी तिथेच गळून पडेल आणि सॉकेटमध्ये उतरणार नाही.

रेंज

हातातल्या फोनच्या कांड्या बघून जागा ठरवू नका. फोन कदाचित दुसऱ्या कंपनीच्या, दुसऱ्या बँडच्या (लहरींच्या पट्ट्याच्या) टॉवरवर असतो. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर किंवा ॲपच्या माहितीत डीबीएम या सिग्नल मोजण्याच्या एककातला आकडा असतो, तो पाहा. तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. एलटीईसाठी, म्हणजे फोरजीसाठी, साधारण उणे 95 किंवा त्याहून चांगला असेल तर निर्धास्त राहा. उणे 105 ते 110 च्या घरात फोटो जातात, पण दोन-तीन प्रयत्नांनी, आणि प्रत्येक प्रयत्न सेल खातो. उणे 115 च्या पलीकडे त्या जागेवर विसंबू नका. काही कॅमेरे 0 ते 31 असा आकडा दाखवतात. तो जितका मोठा तितका चांगला.

आकडा वाईट असेल तर आधी फुकटातले उपाय करा. अँटेना बोटांनी घट्ट फिरवा, पक्कड लावू नका. ती उभी ठेवा, खोडाला चिकटू देऊ नका. चोरीच्या भीतीने बसवलेली लोखंडी पेटी अँटेना झाकत असेल तर तीच रेंज खात असते, तेव्हा अँटेना पेटीच्या बाहेर यायला हवी. मग कॅमेरा त्याच झाडावर दोन-तीन मीटर उंच नेऊन खाली झुकवून बघा. एवढ्याने पुष्कळदा काम होतं. वेगळी अँटेना घ्यायची झाली तर कॅमेऱ्याच्या बँडला जुळणारी घ्या आणि केबल तीन मीटरपेक्षा लांब नको. पातळ केबल लांबली की अँटेनाने कमावलेलं सगळं तीच गमावते.

झाडं निष्पर्ण असताना निवडलेली जागा पालवी फुटल्यावर रेंज हरवू शकते. ओली पानं सिग्नल शोषतात. अनेक नेटवर्कवर चालणारं सिम असेल तर आणखी एक करा: घरी चाचणी झाल्यावर, जागेवर गेलात की कॅमेरा पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. काही कॅमेरे घरी सापडलेलंच नेटवर्क धरून बसतात.

जुना कॅमेरा स्वस्तात मिळत असेल तर तो कुठल्या पिढीच्या नेटवर्कवर चालतो ते आधी विचारा. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी 2022 मध्ये थ्रीजी बंद केलं आणि त्यावर चालणारे कॅमेरे एका रात्रीत नुसते कार्डावर फोटो घेणारे डबे झाले. शिवाय आधीच्या मालकाने आपल्या खात्यातून तो काढून टाकलेला असला पाहिजे, नाहीतर तुमच्या नावावर तो सुरूच होत नाही.

कार्ड आणि सेन्सर

कार्ड नावाजलेल्या कंपनीचं, वेगाच्या दर्जात क्लास 10, शक्यतो 32 जीबी. मोठं कार्ड मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असेल तरच घाला. मायक्रो कार्ड अडॅप्टरमध्ये घालून वापरू नका, हादऱ्याने आणि दमटपणाने त्याचा संपर्क सुटतो. कार्डाच्या कडेची लॉकची पट्टी सरकलेली नाही ना, तेही बघा.

सेन्सर उष्णतेतला फरक पकडतो. हवा प्राण्याच्या अंगाइतकी तापली की त्याला प्राणी नीट दिसत नाही आणि उन्हात तापलेलं, वाऱ्यावर हलणारं गवत मात्र दिसतं. म्हणून समोरचं गवत आणि लोंबत्या फांद्या छाटा, रेंजसाठी उंच न्यावा लागला नसेल तर कॅमेरा कमरेच्या उंचीवर ठेवा आणि पायवाट कॅमेऱ्यासमोरून आडवी जाईल असं बघा. उत्तर गोलार्धात तोंड उत्तरेला असलेलं बरं, ऊन थेट डोळ्यात जात नाही. ही छाटणी फोटो पाठवण्याच्या प्लॅनशीही जोडलेली आहे. प्लॅनमध्ये महिन्याला ठरावीकच फोटो असतील तर वाऱ्याच्या एका दिवसात शेकडो रिकामे फोटो जातात, कोटा संपतो, आणि कॅमेरा कार्डावर फोटो घेत असूनही ॲप ओस पडतं. तक्रार करण्याआधी कोटा आणि प्लॅनचं नूतनीकरण जरूर तपासा.

जागेवर गेल्यावर

सोबत घ्या: नवे लिथियम सेल, फॉरमॅट केलेलं दुसरं कार्ड, कार्ड रीडर, मल्टिमीटर, कोरडं फडकं. लगेच सेल उपसू नका. आधी कोणता दिवा कसा लुकलुकतो आणि स्क्रीनवर काय लिहिलं आहे त्याचा फोनने फोटो काढा, मग कॅमेरा बंद करून कार्ड काढा आणि त्यावरच्या शेवटच्या फोटोची वेळ बघा. खरं निदान इथेच होतं.

ॲपमध्ये शेवटचा फोटो मंगळवारचा आणि कार्डावर आजचा, तर सेन्सर, सेन्सरमागचं सर्किट आणि कार्ड ठीक आहे. अडलंय ते पाठवण्यात. मग रेंज, सिम, प्लॅन आणि सर्व्हर बघायचे. दोन्हीकडे मंगळवारीच थांबलं असेल तर वीज किंवा कार्ड. कार्डावर कॅमेऱ्याने ठरल्या वेळी आपणहून काढलेले फोटो आहेत पण हालचालीचे नाहीत, तर सेन्सर किंवा कॅमेऱ्याची दिशा. कार्डावरच्या तारखा भलत्याच असतील तर वीज पूर्ण जाऊन घड्याळ मूळपदावर गेलं आहे.

यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदला. सेल बदलून चाचणीचा फोटो पाठवा, नाही गेला तर कार्ड, मग अँटेना. तिन्ही एकदम बदलले आणि कॅमेरा सुरू झाला, तर दोष कशात होता ते कळत नाही आणि महिन्याभरात तोच प्रश्न परत येतो.

फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलायचं असेल तर सेल ताजे हवेत आणि फाईल नेमक्या त्याच मॉडेलची हवी. अर्ध्यात वीज गेली तर कॅमेरा पुन्हा उठत नाही. सगळं सुरळीत चाललेलं असताना हंगामाच्या तोंडावर अपडेट करू नये.

कस्टमर केअर

चांगली सेवा आहे की नाही हे विकत घेण्याआधीच कळू शकतं. ‘या कॅमेऱ्यात 1.2 व्होल्टचे रिचार्जेबल सेल चालतील का?’ एवढाच प्रश्न कंपनीला मेलवर विचारा. किती दिवसांत उत्तर येतं, ते माणसाने लिहिलेलं आहे की छापील, हे बघा. फोटोचा दर्जा सगळेच दाखवतात, पण सेल्युलर कॅमेरा सर्व्हरवर जगतो, म्हणून उत्तर देणारी कंपनी जास्तीच्या चार मेगापिक्सेलपेक्षा मोलाची.

तक्रार लेखी करा. त्यात हवं ते असं:

‘मॉडेल अमुक, आयएमईआय क्रमांक अमुक, सिम क्रमांक अमुक, फर्मवेअर अमुक. शेवटचा फोटो ॲपमध्ये मंगळवारी पहाटे 5:40 ला. कार्डावर आज सकाळपर्यंतचे 112 फोटो आहेत. नवे लिथियम सेल घातले, सिग्नल उणे 98. दुसरं कार्ड आणि दुसरी अँटेना एकेक करून लावून पाहिली, फरक नाही. प्लॅन चालू आहे, कोटा शिल्लक आहे. तुमच्या सर्व्हरवर या कॅमेऱ्याची शेवटची नोंद कधीची आहे आणि सिम सुरू आहे का, ते कळवा. स्क्रीनचा फोटो आणि बिल जोडलं आहे.’

आयएमईआय म्हणजे मोडेमचा ओळख क्रमांक, तो 15 अंकी असतो आणि सहसा लेबलवर किंवा माहितीच्या स्क्रीनवर मिळतो. कॅमेरा झाडावर चढवण्याआधीच त्याचा फोटो काढून ठेवा. शेवटून दुसऱ्या वाक्यातला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कॅमेरा शेवटचा केव्हा बोलला, तेव्हा बॅटरी आणि सिग्नल किती होते, हे त्यांना तिथे दिसतं. सिम त्यांच्या बाजूने पुन्हा सुरू करणंही त्यांच्याच हातात असतं, पुष्कळदा तेवढ्याने काम होतं. त्या वेळी कॅमेऱ्यासमोर उभं राहता आलं तर उत्तम, कारण ते ‘आता बंद करून चालू करा’ म्हणणारच.

फोनवर बोलणं झालं तरी त्याचा सारांश त्याच तक्रार क्रमांकावर मेलने पाठवा. दर वेळी नवी तक्रार उघडली की आधीचं सगळं पुसलं जातं. हंगाम उघडण्याच्या आठवड्यात रांग लांब असते, म्हणून चाचणी आणि तक्रार महिनाभर आधी उरकलेली बरी.

वॉरंटीत बदलून द्यायचं ठरलं तर चार गोष्टी लेखी घ्या: पाठवण्याचा खर्च कोणाचा, मिळणारा कॅमेरा नवा की दुरुस्त केलेला, त्याची वॉरंटी केव्हापासून मोजणार, आणि भरलेला प्लॅन नव्या क्रमांकावर जाणार का. जुना कॅमेरा पाठवताना त्यातून कार्ड आणि सगळे सेल काढा, नव्या कॅमेऱ्यावर प्लॅन सुरू झाल्याची खात्री करा आणि मगच जुना खात्यातून काढा, नाहीतर दोन्हींचे पैसे कापले जात राहतात.